शिरोड्याची देवी आणि राशोलचं पुराण



गेल्या दिवाळीत माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि थोरल्या काकूच्या पोथ्यांचं लाल कापडातलं गाठोडं हातात आलं. काकू २०११ मध्ये गेली. तेव्हापासून ते गाठोडं कुणी सोडलं नव्हतं. शिवलीलामृताच्या पोथीत चार घड्या घातलेला एक कागद निघाला. तो बघितला आणि डिसेंबर २००४ ची आमची गोव्याची अभ्याससहल सगळी डोळ्यांपुढे आली. लिहीन लिहीन म्हणत राहिलो, आज बसलो. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर धारवाडचं, माळमड्डीतलं. जातीनं सारस्वत. घरात कोकणी, पोथी-पत्र-हिशेब मराठीत, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. हुबळी-धारवाडात अशी तीन जिभांची घरं पुष्कळ, तुम्हाला नवल वाटणार नाही. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते थोरल्या काकूनं. तिचा स्वभाव कडक, पण हाताला चव होती.

मी तेव्हा बँकेत होतो. आमचं एक लहानसं मराठी अभ्यास मंडळ होतं. रविवारी संध्याकाळी पंधरा-वीस जण जमायचे, कुणीतरी पुस्तकावर बोलायचं, मग चुरमुऱ्याचं गिरमिट आणि चहा. मंडळाचे कर्ते म्हणजे इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. त्या वर्षी सरांनी काढलं, “जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवाचं प्रदर्शन आहे. दहा वर्षांनी एकदा असतं. जाऊन येऊ या. पण गर्दी बघायला नाही. ख्रिस्तपुराण जिथे तयार झालं, तो भाग बघायला.”

झालं, वाद सुरू. एक जण म्हणाले, “आपण मराठी मंडळ, चर्चची यात्रा कशाला?” दुसऱ्यांना वाटलं, त्यापेक्षा पंढरपूर करू. सर शांतपणे म्हणाले, “यात्रा नव्हे, अभ्यास. मराठी भाषेतला सर्वांत आधी छापला गेलेला मोठा ग्रंथ एका इंग्रज पाद्र्यानं लिहिलेला आहे. हे आपल्याला माहीत नसेल तर आपण मराठी मंडळ कसलं?”

घरी मी हे सांगितलं तेव्हा काकू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “देवळं पाडली त्यांच्या घरी मी कशाला जाऊ?”

आमची कुलदेवी शिरोड्याची कामाक्षी. शिरोडं फोंडा तालुक्यात, पण देवी मूळची तिथली नाही. ती जुवारी नदीच्या अलीकडची, साष्टीतल्या राय गावची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत साष्टीतली देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देवी उचलून नदीपलीकडे नेली, कारण पलीकडे आदिलशाहीचा अंमल होता. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, सगळ्यांची हीच गोष्ट. काही कुटुंबं देवाबरोबर गेली, काही पुढे घाट चढून कर्नाटकात आली. काकू ही गोष्ट अशी सांगायची, जणू काल रात्रीच घडलं आहे.

शेवटी काकू तयार झाली, पण अटीवर. “मला शिरोड्याला न्या. बाकी तुमच्या चर्चांच्या बाहेर मी बसमध्ये बसेन.”

सरांनी सहलीचा पहिला दिवस धारवाडातच ठेवला. म्हणाले, आधी घरचं बघू. आम्हाला हसू आलं, कारण बासेल मिशनच्या शाळेवरून तर आम्ही रोज जातो. पण त्या दिवशी सरांनी जे सांगितलं, ते निम्मं आम्हाला ठाऊक नव्हतं.

स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात १८१५ मध्ये ही मिशन संस्था सुरू झाली. तिचे पहिले लोक १८३४ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरून मंगळूरला गेले. १८३७ मध्ये धारवाड, १८३९ मध्ये हुबळी, मग गदगजवळ बेटगेरी, अशी त्यांची ठाणी झाली. धारवाडची त्यांची इंग्रजी शाळा १८६८ ची. आमचे आजोबा तिथेच शिकले. शाळेत बायबलचा तास असायचा आणि घरी आल्यावर आजी अंगावर पाणी ओतून मगच आत घ्यायची, हे आमच्या घरातलं ठरलेलं किस्सेवजा वाक्य.

याच मिशनमधला फर्डिनांड किटेल. जर्मन माणूस, जन्म १८३२ चा, विशीतच इकडे आला. आधी कन्नड शिकला, मग जुनी काव्यं वाचली, आणि १८६२ मध्ये येशूची कथा ‘कथामाले’ नावानं चक्क कन्नड छंदात लिहिली. नंतरची कितीतरी वर्षं एकाच कामाला दिली, ते म्हणजे कन्नड-इंग्रजी कोश. सुमारे ७०,००० शब्दांचा हा कोश १८९४ मध्ये मंगळूरला छापून निघाला. धारवाडात त्याच्या नावाचं कॉलेज आहे, पण आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना ‘किटेल’ हे माणसाचं नाव आहे हेच माहीत नव्हतं.

मग सर म्हणाले, “आता जरा अवघड गोष्ट सांगतो. १८१८ मध्ये पेशवाई संपून हा मुलूख इंग्रजांकडे, मुंबई इलाख्यात गेला. कचेरीत मराठी, दप्तर मोडीत. सरकारी शाळा निघाल्या त्यासुद्धा मराठी. घरी कन्नड बोलणारं पोर शाळेत मराठीतून पाढे म्हणायचं. वॉल्टर एलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० च्या सुमारास इथे कन्नड शाळेसाठी खटपट केली. पुढे डेप्युटी चन्नबसप्पांनी जन्म वेचला. १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला. तो का निघाला, याचं उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या नोकऱ्यांत आहे.”

कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात तर ‘आपण होतो म्हणून इथे शिक्षण आलं’ असंच ऐकत वाढलो होतो. काकू त्या दिवशी बरोबर होती. घरी जाताना एवढंच म्हणाली, “हे सरांनी उगाच काढलं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे बस निघाली. अळणावर, लोंढा, रामनगर, मग अनमोडचा घाट. डब्यात कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, दहीभात आणि लाइन बझारचा पेढा. मोल्याला उतरलो तेव्हा उन्हं आली होती.

जुन्या गोव्यात गर्दी म्हणजे नुसती मुंगी शिरायला जागा नाही. झेवियर मूळचा स्पेनमधल्या नाव्हारचा. १५४२ मध्ये गोव्यात आला, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला, आणि त्याचं शव १५५४ मध्ये गोव्यात आणलं. एरवी ते बॉम जेझू चर्चमध्ये चांदीच्या पेटीत असतं, आणि ती पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली. प्रदर्शनाच्या काळात शव समोरच्या से कॅथेड्रलमध्ये ठेवतात. रांगेत आमच्या पुढे कुंकू लावलेल्या, गजरा माळलेल्या बायका होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “गोंयचो सायब तो, आमचोय.” सरांनी रांगेतच हळू आवाजात सांगितलं, “याच झेवियरनं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं होतं. ते आलं १५६० मध्ये, तो गेल्यावर. आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं.” रांगेतल्या त्या बायका आणि हे पत्र, दोन्ही एकाच ठिकाणी. मला ते काही जुळवता येईना.

काकू बसमध्येच होती. मी तिला शहाळं नेऊन दिलं. तिनं विचारलं, “किती पायऱ्या आहेत?” मी म्हटलं, “फार नाहीत.” “बरं,” म्हणाली, पण उतरली नाही.

तिसरा दिवस राशोलचा. गावातले लोक रायतूर म्हणतात. आम्ही महिनाभर आधी पत्र पाठवून परवानगी मागितली होती, कारण तिथे आजही पाद्री होणाऱ्या मुलांचं शिक्षण चालतं. रस्त्यावर जुन्या किल्ल्याची कमान अजून उभी आहे. सरांनी बस तिथेच थांबवली आणि सांगितलं, “१५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली ती या किल्ल्याच्या कॅप्टननं, दियोगु रुद्रीगिश त्याचं नाव. अडीचशेहून जास्त देवळांची नोंद आहे. काकू, तुमच्या रायची देवी यातलीच. राय इथून हाकेच्या अंतरावर.”

आता काय होतंय म्हणून मी काकूकडे बघितलं. ती खिडकीतून कमानीकडे बघत होती. बस वर टेकडीवर पोचली तशी स्वतःहून उठली. “राय जवळ आहे म्हणता ना, मग उतरते. जागा तरी आमचीच आहे.”

सेमिनरीची इमारत सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. जाड भिंती, लांबच लांब व्हरांडे, मध्ये चौक. एका बाजूनं जुवारीचं पाणी दिसत होतं. आम्हाला दाखवायला एक विशी-बाविशीचा विद्यार्थी दिला होता, सडपातळ, लाजरा. चौकाच्या कडेला सावलीत सरांनी आम्हाला बसवलं आणि थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगितली.

इंग्लंडच्या विल्टशायरमधला हा माणूस, १५४९ चा जन्म. जेझुइट झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचंच नाव घेतात. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं साष्टीत काढली आणि १६१९ मध्ये गोव्यातच वारला. १५८३ मध्ये त्यानं भावाला लिहिलं होतं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी वाटते. त्यानं कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्याच्या मागे १६४० मध्ये याच राशोलला छापलं. गंमत अशी की पुस्तकाच्या नावात कोकणीला म्हटलंय ‘कानारी’. आम्ही धारवाडचे लोक हसलो. कोकणीला कन्नडचं नाव, आणि घरात तिन्ही भाषा. म्हणजे आमचंच घर की हो.

आणि ख्रिस्तपुराण. १६१६ मध्ये राशोलला छापलं. दोन भाग, पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू, म्हणजे अध्याय. सगळ्या मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठी अक्षरांचे ठसे तेव्हा नव्हते, म्हणून रोमन लिपीत. त्यानं ठसे पाडायची परवानगीही मागितली होती, पण ते झालं नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं, तरी त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाताशी नाही. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांतून हस्तलिखितं राहिली, त्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापलं. देवनागरीत यायला १९५६ उजाडलं. डॉ. शांताराम बंडेलू यांनी पुण्यात काढलेली ती प्रत सरांच्या हातात होती, कव्हर चिकटपट्टीनं सांधलेलं.

सरांनी ओव्या म्हणायला सुरुवात केली. साध्या चालीत, घरी पोथी म्हणतात तशा. पाचव्या-सहाव्या ओवीला माझं लक्ष काकूकडे गेलं. तिचे ओठ हलत होते. शब्द माहीत नव्हते, पण ओवी कुठे वळते आणि चौथ्या चरणाला कुठे टेकते ते तिला साठ वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. सर थांबले तशी म्हणाली, “हे त्या गोऱ्यानं लिहिलं?”

“हो काकू.”

“कुणी शिकवलं त्याला?”

सर म्हणाले, “इथल्याच लोकांनी. पुराणाच्या सुरुवातीलाच प्रसंग आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेले लोक त्याला म्हणतात, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? तसंच काहीतरी आम्हाला द्या. त्यावरून हे पुराण झालं.”

काकू गप्प राहिली. मग त्या विद्यार्थ्याकडे वळून तिनं कोकणीत विचारलं, “तू कुठला रे?”

तो म्हणाला, “हांव रायचो.”

मंडळी, इथे मला नीट सांगता यायचं नाही. काकू एकदम सरसावून बसली. पुढची पंधरा मिनिटं दोघं कोकणीत बोलत होते. तिची कोकणी आमच्या धारवाडची, कन्नड हेल काढणारी, आणि त्याची साष्टीची, पोर्तुगीज शब्द मिसळलेली. कितीदा अडत होते, पुन्हा बोलत होते. गावात तळी कुठे, शेतं कुठे, भात कुठलं पिकतं. त्यानं सांगितलं, त्याची आजी म्हणायची की गावची देवी नदीपलीकडे आहे. काकू म्हणाली, “आम्ही उद्या तिकडेच जाणार.” एक घर देवीबरोबर गेलं, एक घर जमिनीबरोबर राहिलं. साडेचारशे वर्षांनी दोन्ही घरांतली माणसं एका चौकात बसून भाताच्या जाती मोजत होती.

मग काकूनं सरांना विचारलं, आणि तो प्रश्न मी अजून विसरलो नाही. “त्याला ओवी एवढी आवडली, एवढी साधली. मग ज्यांची ओवी होती त्यांच्या पोथ्या का बंद केल्या?”

सरांकडे नेहमी उत्तर असायचं. त्या दिवशी ते चष्मा पुसत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “काही पोथ्या वाचल्या, काकू. रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या आहेत, पोर्तुगालात ब्रागा नावाच्या शहरी ग्रंथालयात. बहुधा यांनाच शिकायला म्हणून उतरवल्या असतील. पण तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.”

तो पोरगा मान खाली घालून उभा होता. काकू त्याला म्हणाली, “तुला नाही रे विचारत. तू कशाला तोंड पाडतोस?” आणि पिशवीतून पेढ्याचा पुडा काढून त्याच्या हातावर ठेवला.

चौथ्या दिवशी बोरीचा पूल ओलांडून शिरोड्याला गेलो. काकूनं ओटी भरली. मी मंडपात बसलो होतो. बाहेर येताना ती म्हणाली, “सांगितलं तिला, गावातला मुलगा भेटला म्हणून.” बस्स. त्यापुढे काही बोलली नाही.

परतीच्या वाटेवर घाटात तिनं सरांना हाक मारली. “त्या ओव्या चार-पाच लिहून द्याल का?” सरांना आनंद झाला. “पाठ करणार?”

“छे! पाठ बीठ नाही करणार. ठेवीन.”

त्या सहलीनंतर आमच्या मंडळात पुष्कळ चर्चा झाल्या. एक जण म्हणाले, स्टीफन्स काय किंवा किटेल काय, धर्म वाढवायलाच भाषा शिकले, त्यात कौतुक कसलं? खरं आहे, त्यांचा हेतू लपलेला नव्हता. पण भाषा अशी शिकावी लागते की शिकणाऱ्यालाच ती थोडी बदलून टाकते. किटेलनं कोशात धर्माचे तेवढे शब्द घेतले नाहीत. शेत, भांडी, शिव्या, सगळं घेतलं. आणि स्टीफन्सच्या पुराणात मराठीचं जे कौतुक आहे, तेवढं आमच्या घरात मराठीचं कुणी केलं नाही. पण १६८४ मध्ये त्याच गोव्यात विसराय काउंट ऑफ आल्व्हर यानं हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी स्थानिक बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. स्टीफन्स जाऊन पुरती सत्तर वर्षंही झाली नव्हती. म्हणजे एका माणसाच्या प्रेमानं राज्याचा स्वभाव बदलत नाही.

आणि मला टोचली ती धारवाडचीच गोष्ट. देऊळ पाडणं आणि शाळेची भाषा बदलणं एक नव्हे, मी तसं म्हणत नाही. पण काकूचा प्रश्न थोडा फिरवून आमच्या माळमड्डीतही विचारता येतो. ज्या गावचं पाणी प्यायलो, तिथल्या लोकांची अक्षरं आम्ही किती वाचली? मी पंचेचाळीस वर्षांचा होतो आणि कन्नड फक्त बसच्या पाट्यांपुरतं वाचत होतो. बेंद्रे आमच्यासारख्याच मराठी घरातले, आणि कन्नडला त्यांनी ज्ञानपीठ मिळवून दिलं. आम्ही साधनकेरीवरून फिरायला जायचो आणि ‘आपले बेंद्रे’ म्हणायचो, पण त्यांची एक कविता वाचता येत नव्हती. त्या वर्षी शेजारच्या शाळकरी मुलीकडून ‘अ आ इ ई’ पासून सुरुवात केली. आता वर्तमानपत्र वाचतो, कविता अजून अडखळत. अडलं की किटेल उघडतो.

तर तो कागद. सरांच्या टपोऱ्या अक्षरात पाच ओव्या आहेत, पेन्सिलीनं. सरही आता नाहीत. ओव्यांच्या खाली काकूच्या वाकड्या अक्षरात शाईनं एक ओळ आहे, ती मला माहीत नव्हती: “आमच्या राय गावाजवळ छापलेले.”

कागद होता तसा घडी करून शिवलीलामृतातच ठेवला.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी देव नदीपलीकडे नेल्याच्या, किंवा बासेल मिशनच्या शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.